आधी पुस्तक, मग लेखक
तालुक्याच्या गावातील साहित्य संमेलनात लेखकांचे कार्यक्रम कसे आखावेत

तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावी भरणाऱ्या साहित्य संमेलनाचा गाभा म्हणजे लेखक आणि वाचक यांची भेट. ग्रंथदिंडी, उद्घाटन, पुस्तकांचे स्टॉल आणि रात्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम हे सारे या भेटीभोवती उभे राहते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला लेखक वर्षातून अनेकदा ऐकायला मिळतात. आडगावच्या वाचकाला आवडत्या लेखकासमोर बसून प्रश्न विचारायची संधी क्वचित, कधी आयुष्यात एकदाच येते. तो एक तास लांबलेले उद्घाटन आणि सत्कारांची रांग यांनी खाल्ला, तर त्याची भरपाई पुढच्या वर्षीही होत नाही. म्हणून लेखकाच्या कार्यक्रमाची आखणी हे संयोजन समितीचे पहिले काम ठरते. मंडप आणि जेवणावळ त्यानंतर येतात.

या भेटीची मराठीतील परंपरा जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू झाली. ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ मध्ये पुण्यातच भरले. खेड्यातील संमेलनाचे टिकाऊ उदाहरण सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी सापडते. औदुंबर या लहान गावात कवी सुधांशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये सदानंद साहित्य मंडळ सुरू केले. त्या मंडळाचे संमेलन मकरसंक्रांतीला भरते. नव्या संयोजकांनी औदुंबरकडून सर्वप्रथम तारखेची शिस्त घ्यावी. तारीख सणाला किंवा ठरावीक वाराला बांधलेली असली की ती पंचक्रोशीला पाठ होते, पाहुणे लेखकही तो दिवस आधीपासून राखून ठेवू शकतात आणि प्रसिद्धीवरचा खर्च कमी होतो.

तारीख मुक्रर करताना गावाचे वेळापत्रक समोर ठेवावे. ऊसपट्ट्यात हिवाळाभर तोडणीची धांदल असते. कापसाच्या भागात वेचणीच्या दिवसांत स्त्रिया शेतावर असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे शाळा आणि पालक दोघेही मोकळे नसतात, आणि एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते. आठवडी बाजाराचा दिवस टाळण्याकडे अनेकांचा कल असतो. खरे तर त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची माणसे आपसूक गावात येतात, त्यामुळे पुस्तकविक्रीसाठी तो उपयोगी पडतो. मुलाखत किंवा व्याख्यानासाठी मात्र दुसरा दिवस बरा. वाड्यावस्त्यांकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, हेही विचारून घ्यावे. मुख्य लेखकाचा कार्यक्रम त्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी संपला नाही, तर ज्यांच्यासाठी संमेलन भरवले तेच श्रोते मधून उठून जातात, आणि त्यांत स्त्रिया व विद्यार्थी जास्त असतात.

लेखकांची निवड केवळ नावाच्या वजनावर करू नये. दोन दिवसांच्या संमेलनाला चार ते सहा लेखक पुरे होतात. महाराष्ट्रभर ज्याचे नाव आहे असा एक लेखक असावा, कारण त्याच्या नावाने पहिली गर्दी जमते. एक लेखक जिल्ह्यातला असावा, ज्याच्या लेखनात इथलीच माती आणि बोली आहे. एकाचे पहिले किंवा दुसरे पुस्तक नुकते आलेले असावे. उरलेल्या जागांचा विचार करताना गावात कोणकोण राहते आणि त्यांपैकी कोणाचे जगणे अजून मंचावर आलेले नाही, याचा शोध घ्यावा. १८८५ च्या ग्रंथकार सभेला महात्मा फुले यांनी पत्र लिहून नकार कळवला, तो याच प्रश्नावरून: त्या सभेत कष्टकऱ्यांना आणि शूद्रातिशूद्रांना जागा कुठे होती? पुढे १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. आज गावपातळीवर संमेलन भरवणाऱ्यांसाठी हा इतिहास कामाचा आहे. भटक्या-विमुक्त समाजातील आत्मकथनकार, आदिवासी बोलीत लिहिणारा कवी, शेती करत लिहिणारी कथाकार यांना ‘नवोदितांच्या सत्रात’ कोंबू नये. त्यांना संपूर्ण आणि स्वतंत्र वेळ द्यावा.

नावे ठरली की बहुतेक समित्या फ्लेक्सच्या मजकुराकडे वळतात. त्याआधी करायचे काम म्हणजे लेखकाची पुस्तके गावात आणणे. संमेलनाच्या यशाचा खरा पाया इथेच घातला जातो. ज्याचे एकही पुस्तक श्रोत्यांनी वाचलेले नाही अशा लेखकासमोर पाचशे माणसे बसली, तरी ती सभाच राहते. त्याचे पुस्तक वाचलेली चाळीस माणसे बसली, तर संवाद होतो. त्यामुळे लेखक येण्याच्या किमान तीन महिने आधी त्याच्या एक-दोन पुस्तकांच्या दहा-पंधरा प्रती गावात याव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्यानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क किंवा ड वर्गाची ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. तिथल्या ग्रंथपालाला संयोजन समितीत घ्यावे आणि त्याच्याकडे दुय्यम काम देऊ नये. कोणता वाचक काय वाचतो हे गावात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

प्रती ग्रंथालयात नुसत्या मांडून ठेवल्या तर पडून राहतात. त्या हातोहात फिरल्या पाहिजेत. दोन-तीन शिक्षक, महाविद्यालयातला मराठीचा प्राध्यापक, बचत गटातील वाचनाची आवड असलेल्या स्त्रिया आणि निवृत्त कर्मचारी असे सात-आठ जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक पुस्तक द्यावे. पंधरा दिवसांनी गटाने तासभर एकत्र बसून त्यावर बोलावे. या बैठकांना ना मंच लागतो ना माईक. ग्रंथालयात एक वही ठेवून वाचकांना पडलेले प्रश्न त्यात लिहायला सांगावेत. पुढे मुलाखतकाराला ही वही फार उपयोगी पडते. शाळेत लेखकाची एखादी कथा वर्गात वाचून घ्यावी. मोठी कादंबरी असल्यास एखादे प्रकरण पुरते. प्रकाशकाशी थेट बोलल्यास एकत्रित खरेदीवर सवलत मिळते आणि छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून हा खर्च वाटतो तितका मोठा नसतो. स्मृतिचिन्हांच्या खर्चातून ही खरेदी करता येते, आणि ती तशीच करावी.

निमंत्रण फोनवर दिले तरी त्यापाठोपाठ पत्र किंवा ईमेल गेलीच पाहिजे. कार्यक्रम कोणत्या प्रकारचा, विषय कोणता, किती मिनिटे बोलायचे, मंचावर आणखी कोण असेल, श्रोते साधारण किती आणि कोणत्या वयाचे, मानधन किती आणि ते कधी मिळेल, प्रवास कसा आणि मुक्काम कुठे, हे सगळे त्यात लिहावे. मानधनाचा विषय लेखकाने काढण्याची वाट पाहू नये. ‘साहित्यसेवा’ या शब्दामागे मानधन टाळणे योग्य नाही. मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला आणि आचाऱ्याला पैसे मिळतात आणि ज्याच्यासाठी लोक येतात तो रिकाम्या हाताने परततो, ही रीत मोडायलाच हवी. पैसे कमी असतील तर आकडा स्पष्ट कळवावा आणि निर्णय लेखकावर सोडावा. नवोदिताला आणि नामवंताला वेगळी रक्कम देता येईल, पण नवोदिताला शून्य रुपये देऊ नयेत.

निमंत्रण पाठवण्याआधी समितीत काय ती चर्चा होऊन जावी. पत्र गेल्यावर ते मागे घेता येत नाही. २०१९ च्या यवतमाळच्या अखिल भारतीय संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यानंतर अनेक निमंत्रितांनी संमेलनाला जाण्याचे नाकारले आणि संमेलनाची चर्चा पुस्तकांऐवजी त्या एका निर्णयाभोवतीच फिरत राहिली. गावच्या संमेलनावरही असा दबाव येऊ शकतो. कधी देणगीदाराकडून येतो, कधी स्थानिक पुढाऱ्याकडून. वक्त्यांची निवड हा फक्त समितीचा अधिकार आहे, हे देणगी स्वीकारतानाच सांगून टाकावे. नोंदणीकृत संस्थेच्या नावाने पावती आणि बँकेत खाते असले की हे सांगणे सोपे जाते.

कार्यक्रमाचा प्रकार लेखक पाहून ठरवावा. सगळ्याच लेखकांना व्याख्यान जमत नाही. उत्तम कादंबरीकार सभेसमोर अडखळू शकतो, आणि त्याने लिहून आणलेले भाषण वाचायला सुरुवात केली की दहा मिनिटांत मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागतात. अशा लेखकाला मुलाखत मानवते. ज्याच्या लेखनात बोली आणि संवाद भरपूर आहेत त्याच्याकडून अभिवाचन किंवा कथाकथन करून घ्यावे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी जाऊन कथाकथन केले आणि पुस्तक कधी हाती न घेतलेल्या माणसांपर्यंतही मराठी ग्रामीण कथा पोचवली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्या एकत्रित काव्यवाचनाने कवितेसाठी हेच केले. साध्या मंचावरून, विशेष नेपथ्य न लावता, केवळ शब्दांच्या बळावर ते कार्यक्रम रंगत. गावच्या संमेलनाला परवडणारा आणि गावाला मनापासून आवडणारा प्रकार आजही हाच आहे. तरीही अनेक समित्या त्याला ‘करमणूक’ समजून रात्री उशिराची वेळ देतात, हे बदलावे.

मुलाखतीचे यश मुलाखतकारावर असते. तो गावातलाच असला तर उत्तम, कारण त्याचे प्रश्न गावाचे असतात. त्याने लेखकाची निदान दोन पुस्तके पूर्ण वाचलेली असावीत. प्रश्न आठ-दहाच काढावेत आणि पोटप्रश्नांना जागा ठेवावी. ‘आपल्या लेखनाची सुरुवात कशी झाली?’ या प्रश्नाचे उत्तर लेखकाने शंभरदा दिलेले असते. त्याऐवजी पुस्तकातल्या एखाद्या पात्रापासून किंवा प्रसंगापासून सुरुवात केली, तर लेखक सावरून बसतो आणि ज्यांनी वाचलेले आहे ते श्रोते पुढे सरकतात. मुलाखतीत दोन जागी लेखकाकडून एकेक उतारा वाचून घ्यावा. वाचलेल्यांना तो लेखकाच्या आवाजात ऐकायला मिळतो आणि न वाचलेल्यांना पुस्तकाची चव कळते. मुलाखतकाराने स्वतःची मते सांगत बसणे हा या प्रकारातला सर्वांत मोठा दोष. आदल्या संध्याकाळी लेखकाशी अर्धा तास बोलून कोणते विषय नकोत एवढे विचारून घ्यावे. प्रश्नांची यादी मात्र देऊ नये, नाहीतर उत्तरे पाठ केल्यासारखी येतात.

परिसंवाद हा सर्वांत जास्त योजला जाणारा आणि सर्वांत जास्त फसणारा प्रकार आहे. ‘मराठी साहित्याची सद्यःस्थिती’ असला विषय आणि सहा वक्ते असले की प्रत्येक जण वेगळेच बोलतो. तीन वक्ते आणि एक अध्यक्ष पुरतात. विषय टोकदार असावा. या तालुक्यातील स्थलांतर कथाकादंबऱ्यांत कसे आले, बोलीत लिहिलेले पुस्तक परीक्षेत आणि बाजारात कुठे उभे राहते, असा विषय घेतला की वक्त्याला तयारी करावीच लागते. अध्यक्षाने शेवटी सर्वांच्या बोलण्याचा सारांश सांगू नये. त्याऐवजी वक्त्यांना एकमेकांना प्रश्न विचारायला लावावे.

कविसंमेलनात गणित चुकते. निमंत्रित कवी चाळीस आणि प्रत्येकाला पाच मिनिटे म्हटले तरी दोनशे मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे होतात. त्यात सूत्रसंचालकाच्या चारोळ्या, प्रत्येकाचे स्वागत आणि टाळ्या धरल्या की पाच तास होतात, आणि शेवटच्या दहा कवींपुढे फक्त त्यांचे नातेवाईक उरतात. मुख्य कविसंमेलनात बारा ते पंधराच कवी घ्यावेत. इतरांसाठी स्टॉलशेजारी छोट्या मंचावर कवी कट्टा दिवसभर चालू ठेवावा. तिथे नाव नोंदवावे आणि क्रमाने कविता वाचावी. कट्ट्यावरच्या दोन उत्तम कवींना संध्याकाळी मुख्य मंचावर बोलावण्याची प्रथा ठेवली, तर कट्टा दुय्यम वाटत नाही. एकाने एकच कविता वाचावी आणि कवितेआधी प्रस्तावना करू नये, हे दोन नियम आधीच लेखी कळवावेत.

लेखक गावात आला की त्याला शाळेत नेण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि तो योग्यही आहे. पण प्रार्थनेच्या मैदानावर आठशे मुलांसमोर भाषण करण्यात काही हशील नाही. लेखकाला एका वर्गात, तीस-चाळीस मुलांबरोबर, तासभर बसू द्यावे. मुलांनी एक गोष्ट आधी वाचलेली असावी आणि प्रश्न शिक्षकांनी लिहून दिलेले नसावेत. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथे घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत आणि वाचक घरात बसून वाचतो. संमेलनाच्या काळात हीच कल्पना इतर गावांनाही उचलता येईल. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा ग्रंथालयाच्या पडवीत लेखकाबरोबर वीस-पंचवीस जणांची बैठक भरवली, तर मोठ्या मंडपात कधी न बोलणारी माणसेही बोलू लागतात.

मंचावर वेळ कोण पाळतो हे नक्की असावे. साठ मिनिटांच्या कार्यक्रमात परिचयाला तीन मिनिटे, लेखकाला पस्तीस मिनिटे आणि प्रश्नोत्तरांना वीस मिनिटे द्यावीत. उरलेली दोन आभारासाठी. परिचयात पुरस्कारांची यादी वाचू नये. लेखकाने काय लिहिले आणि या गावाने त्यातले काय वाचले, एवढे सांगावे. सत्कार सर्वांत जास्त वेळ खातो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, मग स्वागताध्यक्षांपासून देणगीदारांपर्यंत प्रत्येकाला शाल-श्रीफळ, आणि प्रत्येक वेळी छायाचित्र, असे करता करता सकाळचे सत्र संपते. सर्व सत्कार उद्घाटनाच्या एकाच अर्ध्या तासात उरकावेत आणि नंतर एकाही सत्रात सत्कार होणार नाही असा ठराव करावा. नेते उशिरा आले तर त्यांच्यासाठी चालू कार्यक्रम थांबवायचा नाही, हेही त्याच ठरावात लिहावे. एकदा कटुता येईल, पण पुढच्या वर्षी तेच नेते वेळेवर येतील.

ध्वनियोजना आदल्या दिवशी, खुर्च्या मांडल्यावर तपासावी. मागच्या रांगेत उभे राहून शब्द स्पष्ट ऐकू येतात का ते पाहावे. गावातल्या लग्नमंडपांत वाजणारी यंत्रणा गाण्यांसाठी लावलेली असते. तिच्यातला घुमणारा खालचा आवाज कमी केला नाही, तर भाषणातले व्यंजन न् व्यंजन गिळले जाते. मुलाखतीसाठी दोन माईक लागतात आणि श्रोत्यांमध्ये फिरवायला तिसरा. वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो याची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून लेखी घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणून शेवटचा कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच धरावा. मंचाला उतार किंवा रुंद पायऱ्या असाव्यात, कारण अनेक लेखक वयस्कर असतात. स्त्रियांसाठी स्वच्छ आणि जवळचे स्वच्छतागृह नसेल, तर दुपारनंतर स्त्री श्रोत्यांची संख्या घटते. याकडे फार थोड्या समित्या लक्ष देतात.

प्रश्नोत्तरांची वेळ कापू नये. बहुतेक ठिकाणी ‘वेळेअभावी’ तीच कापली जाते, आणि गावाचा खरा वाटा तिथेच नाकारला जातो. पहिला प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याकडून किंवा वाचनगटातील स्त्रीकडून यावा अशी योजना ठेवावी, म्हणजे नेहमीचे बोलके गृहस्थ सुरुवातीलाच माईक धरून बसत नाहीत. ज्यांना उभे राहून बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी चिठ्ठ्या फिरवाव्यात. प्रश्नाऐवजी भाषण सुरू झाले, तर सूत्रसंचालकाने नम्रपणे, पण लगेच थांबवावे.

पुस्तकांचा स्टॉल कार्यक्रमाच्या मंडपालगत असावा. बोलून झाल्यावर लेखकाला थेट जेवायला न नेता अर्धा तास स्टॉलवर बसवावे. पुस्तक विकत घेण्याची आणि त्यावर स्वाक्षरी घेण्याची इच्छा त्याच वेळी सर्वांत प्रबळ असते. लेखकाची पुस्तके स्टॉलवर पुरेशी आहेत की नाही, हे विक्रेत्याला महिनाभर आधी विचारावे. लेखक आला आणि त्याचेच पुस्तक मिळाले नाही, असे वारंवार घडते. सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही असावेत. विद्यार्थ्यांना परवडतील अशी शंभर रुपयांच्या आतली काही पुस्तके समोरच्या टेबलावर ठेवावीत.

भाषणे आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, पण लेखकाच्या लेखी संमतीनेच. प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये व्याख्यान देणाऱ्यालाही कलावंत-सादरकर्त्याचा दर्जा आहे आणि आपल्या सादरीकरणाचे ध्वनि-चित्रमुद्रण करू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. समाजमाध्यमावर चित्रफीत टाकण्याची परवानगी या संमतिपत्रातच मागावी. प्रकाशित पुस्तकातील वाजवी उतारा जाहीर वाचायला कायद्याची मुभा आहे. संपूर्ण कथेचे अभिवाचन किंवा नाट्यरूपांतर करायचे असेल, तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे असतो.

संमेलन संपल्यावर लेखक गाव सोडण्याआधी मानधनाचा धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम त्याच्याकडे पोचली पाहिजे. ‘हिशेब झाल्यावर पाठवतो’ हे उत्तर गावाच्या नावाला बट्टा लावते, आणि लेखक आपसात बोलत असतात. आठवडाभरात आभाराचे पत्र आणि वाचकांच्या वहीतील न विचारले गेलेले प्रश्न लेखकाला पाठवावेत. बरेच लेखक त्यांना उत्तरे लिहितात. ती ग्रंथालयाच्या फलकावर लावावीत. हिशेब जाहीर करावा आणि त्यात पुस्तकखरेदी, मानधन, मंडप, जेवण, सत्कार असे वेगळे आकडे दाखवावेत. पुस्तकखरेदी आणि मानधन यांची बेरीज सत्काराच्या खर्चापेक्षा कमी भरली, तर पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक तिथूनच दुरुस्त करावे. आणलेल्या प्रती ग्रंथालयात जमा कराव्यात आणि वाचनगट वर्षभर चालू ठेवावेत. पुढच्या संमेलनाला कोणाला बोलवायचे, हे त्या गटांना विचारूनच ठरवावे.